तेविसावी प्रतिज्ञा

बँकेतल्या पडद्यावर नीलाचं नाव आलं आणि नावापुढे काहीच आलं नाही. साहेबाने एक कळ दाबली, पुन्हा दाबली, मग पडद्याची मान धरून तो तिच्याकडे वळवला, जसं काही तिचं तिला त्यात काहीतरी सापडेल. नीला खेमराज रंगारी, जन्मतारीख, गोंदिया, आणि त्याखाली एक लांबच लांब पांढरी जागा. ती स्वयंपाकीण होती त्या आश्रमशाळेत पोरींची जेवणं आटोपल्यावर ती भाताची परात घासून भिंतीला टेकवून ठेवायची, ती परात अशीच दिसायची. तिच्याकडे बघून जेवण झालंय की व्हायचंय, काही सांगता येत नसे. "बघा मावशी," साहेब म्हणाला, "तुमचं काही दिसतच नाही इथं." साहेब कोवळाच होता, साताऱ्याकडचा, मिशी नुकतीच ठेवलेली, आणि आवाजात कसलाही राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, नीलाला वाटलं. राग आला म्हणजे समोर कोणीतरी आहे असं तरी होतं. तिच्या शेजारी मोनाली शाळेच्या गणवेशात बसली होती, अकरावीतली, दोन महिन्यांपासून संगणकाच्या क्लासला जाणारी, आणि म्हणून अलीकडे जगातल्या कुठल्याही पडद्याला न भिणारी. ती पुढे वाकून म्हणाली, "सर, पण आम्ही फ्रीज घेतला होता ना हप्त्याने. मागच्या वर्षी तुमच्याच मॅडमनी सांगितलं होतं." साहेबाने पडदा परत आपल्याकडे फिरवला. "घेतला होता. आणि दुसऱ्याच महिन्यात सगळा भरून टाकला. सहा महिने तरी हप्ते चालावे लागतात, तेव्हा कुठे तुमचा आकडा तयार होतो. फार लवकर फेडलंत मावशी." नीलाने आयुष्यात अनेक गोष्टींसाठी बोलणी खाल्ली होती. भात मऊ झाला म्हणून, उशिरा आली म्हणून, नवरा गेल्यावर पांढऱ्या साडीऐवजी हिरवट साडी नेसली म्हणूनसुद्धा. फेडलं म्हणून मात्र पहिल्यांदाच. त्यावर कसला चेहरा करायचा तेच तिला कळेना, म्हणून तिने पर्सची चेन उघडली आणि लावली.

"माझ्या आईने कधीच कोणाचे पैसे बुडवले नाहीत," मोनाली म्हणाली. ती हे जरा जोरातच म्हणाली, रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. साहेब हसला, वाईट नाही, दमलेलं. "बुडवले नाहीत हेसुद्धा कुठंतरी दिसायला लागतं बेटा. न घेणारा आणि घेऊन बुडवून पळालेला, यांच्यातला फरक मी डोळ्यांनी ओळखेन. हे मशीन कसं ओळखणार." मग त्याने कागद सरळ केले, म्हणाला, पगार चांगला आहे, नोकरीच्या मान्यतेचा आदेश आहे, घराचे कागद साफ आहेत, सगळं आहे. एक वर्ष काहीतरी घ्या, नीट हप्त्या-हप्त्याने भरा, मग या. नाहीतर कोणी सहकर्जदार आणा, ज्याचं नाव इथं आधीपासून आहे. "एक वर्ष," नीला म्हणाली. हे ती साहेबाला म्हणाली नाही. जवळच्या मुर्री गावचे पटले, ज्यांचं घर ती घेणार होती, तिला संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणाले होते, आणि दिवाळी होऊन गेलेली होती, बयाना देऊन झालेला होता, गॅसच्या टाकीखालची बचत त्यात गेली होती, मोनालीच्या आजीच्या पायातल्या कड्यांचे पैसे त्यात गेले होते. संक्रांत अशी समोर दिसत होती, हात लांब केला तर लागेल एवढी.

बाहेर ऊन होतं, पण थंडीचं, पातळ. सायकली, ऑटो, तांदळाच्या पोत्यांनी वाकलेला एक ट्रक, आणि सगळ्यांवर मिलमधून उडून आलेला कोंड्याचा बारीक थर. "तू काऊन चूप बसली वो आई?" मोनालीने विचारलं. नीला म्हणाली, "काय बोलू. तू बोलतच होती." मोनालीला हे टोमण्यासारखं लागलं असावं, ती दोन पावलं पुढे चालू लागली, दप्तर एका खांद्यावर, वेणी इकडून तिकडे. नीला तिच्यामागून चालत राहिली, आणि चालता चालता ती आपल्या बापाचा विचार करू लागली. खरं म्हणजे तिने विचार केला नाही, बाप आपला आला. पडद्यावरची ती पांढरी जागा बघताना तो तिच्या खुर्चीमागे उभा असल्यासारखं तिला मघापासून वाटतच होतं, छाती पुढे काढून, बघ, किती साफ ठेवलं मी तुझं नाव.

उदाराम बोरकर बिडी वळायचा. त्याचा बापही वळायचा. घरात पाणी मारून ठेवलेल्या तेंदूपानाचा आणि जरद्याचा वास असा भरलेला असायचा की शाळेत पोरी नीलाच्या वहीचा वास घेऊन हसायच्या. आजी आजारी पडली तेव्हा बापाने ठेकेदाराकडून उचल घेतली होती. आजी मेली, उचल राहिली. तो वळायचा, नीलाची माय वळायची, दर आठवड्याला सुपातल्या बिड्या ठेकेदाराच्या ओट्यावर ओतल्या जायच्या, मुनीम त्यातल्या मूठभर बाजूला फेकायचा, ह्या ढिल्या, ह्या लहान, आणि उरलेल्यांचे पैसे उचलीत वळते करायचा; आणि उचल होती तेवढीच असायची, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी, जे खातही नाही आणि मरतही नाही. मग इटियाडोहच्या कालव्याचं काम निघालं. बाप माती खोदायला गेला, रोख मजुरी, एक अख्खा उन्हाळा घरी आला नाही. आला तो सरळ ओट्यावर गेला, पैसे ठेवले आणि मुनीमाला म्हणाला, माह्यासमोर काट मार. मुनीम म्हणाला, मारतो ना गा, घाई कायची. बाप हलला नाही. शेवटी मुनीमाने टाक उचलून त्याच्या नावावर आडवी रेघ ओढली. त्या रेघेचा आवाज बाप पुढे आयुष्यभर करून दाखवायचा, दातांतून, सर्रर्र. छपन्न साली तो पोरसवदा असताना गावच्या लोकांसोबत नागपूरला गेला होता, दीक्षाभूमीवर उभा राहून त्याने बावीसही प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. ती रेघ ऐकून घरी आल्यावर त्याने आपली स्वतःची एक वाढवली. दर बुद्धपौर्णिमेला त्रिशरण-पंचशील झालं की तो लेकरांना उभं करायचा आणि म्हणायला लावायचा, कोणाच्या वहीत नाव नाही. नीला आणि तिचा धाकटा भाऊ संघदीप सुरात म्हणायचे, पाढ्यासारखं. संघदीपला हसू यायचं. बाप गेल्यावर नीलाने ते चालू ठेवलं, आधी नवऱ्यासोबत, खेमराजसोबत, आणि मिलमध्ये पोत्यांची थप्पी अंगावर येऊन खेमराज गेला त्यानंतर मोनालीसोबत. ही तेविसावी आपल्या घरापुरती आहे, विहारात म्हणायची नसते, हे मोनालीला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा तिने विहारात मोठ्याने म्हटली होती आणि सगळे वळून बघत राहिले होते.

आणि हा सगळा खटाटोप एका खिळ्यासाठी, नीला स्वतःशी म्हणाली. हे काही पूर्ण खरं नव्हतं, पण दमलेल्या माणसाला जेवढं खरं लागतं तेवढं होतं. भाड्याच्या खोलीत घरमालक खिळा ठोकू देत नसे. दीवार खराब होती है, तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता, आणि नंतर कधीही आला की बोलायच्या आधी भिंतींवरून नजर फिरवायचा. त्यामुळे तिच्या घरातलं सगळं टेकलेलं होतं. आरसा टेकलेला, दिनदर्शिका टेकलेली, बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि खेमराजचा लग्नातला मोठा करून घेतलेला फोटो, तिघंही पत्र्याच्या पेटीवर टेकलेले. मुर्रीचं घर तिने मागच्या वर्षी पाहिलं तेव्हा दोन खोल्या, मागे सीताफळाचं झाड, त्यामागे धानाचे बांध, हे सगळं तिने पाहिलंच. पण तिला घट्ट आठवत राहिली ती पुढच्या खोलीतली भिंत. पटल्यांनी तिथे खिळ्यांची रांगच्या रांग मारून ठेवली होती, काहींना काही अडकवलेलं, काही उगीचच. तिने एका रिकाम्या खिळ्याला बोट लावून बघितलं होतं. पक्का होता.

तेव्हाच ती पहिल्यांदा बँकेत गेली होती आणि तेव्हाच्या मॅडमने सांगितलं होतं, तुम्ही कधीच काही घेतलं नाही, त्यामुळे तुम्ही परत करता की नाही हे कोणालाच माहीत नाही. एखादी वस्तू हप्त्याने घ्या, वर्षभर फेडा, मग या. मोनाली वाटेत म्हणाली होती, "म्हणजे आई, चांगली बाई आहेस हे सांगायला तुले उधारी करा लागते." दोघी हसल्या होत्या. मग जयस्तंभ चौकाकडच्या एका दुकानातून फ्रीज आला, निळसर, दारावर फुलं. दुकानातच कोपऱ्यात एक टेबल टाकून फायनान्सचा पोरगा बसायचा, रोशन नावाचा, त्याने दहा ठिकाणी सह्या घेतल्या आणि दर वेळी बोट ठेवून म्हणाला, मावशी यहाँ, मावशी इथं. फ्रीज घरात आल्यावर खोलीत तीच एक उंच, सपाट जागा झाली, म्हणून नीलाने पेटीवरच्या तिन्ही तसबिरी उचलून फ्रीजवर ठेवल्या. आणि तिथून सगळं बिघडलं. फ्रीज मधेच सुरू व्हायचा, आतून गुरगुरायचा, आणि वरच्या तसबिरी थरथरायच्या. बुद्ध आणि बाबासाहेब कमी, त्यांच्या चौकटी जड होत्या. खेमराज जास्त. त्याच्या काचेचा कीर्रर्र असा बारीक आवाज निघायचा, जसं काही तो थंडीने दात वाजवत होता. नीला भाजी चिरायची, कपडे घडी करायची, आणि तो आवाज आला की हात थांबायचा. तिला वाटायचं, हा फ्रीज माझा नाही. जो माझा नाही त्याच्यावर मी माझा नवरा उभा केला आहे. आत ठेवलेलं दूधसुद्धा तिला परक्याचं वाटायचं. हप्त्याची तारीख जवळ यायची तशी ती शेजारच्या सुशिलाबाईंकडे पाणी मागायला जायची, आपल्या घरी थंड पाणी असून. सुशिलाबाई म्हणायच्या, "काय वो नीलाबाई, फ्रीज पाहाले घेतला काय?"

त्यातच आश्रमशाळेची थकबाकी निघाली. तिथला पगार नेहमी असाच यायचा, महिनोन्महिने नाही आणि मग एकदम. एकदम आलेले पैसे पर्समध्ये घालून ती घरी न जाता सरळ रोशनच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "पूर्ण भरायचे आहेत," ती म्हणाली. रोशनने आधी तिला चुकीचं ऐकू आल्यासारखं बघितलं. "मावशी, काऊन? अभी तो दोनच हप्ते झाले. आणि लवकर बंद केलं तर वरून चार्ज लागते." तिने तो चार्जही भरला. त्याबदल्यात एक छापील कागद आला, त्यावर तिचं नाव आणि खाली शून्य. ती तो कागद घेऊन अशी घरी आली की वाटेत तिला ऑटो करायचंही सुचलं नाही. वर्षात फेडलं तर चांगली बाई, मग दोन महिन्यांत फेडलं तर किती चांगली, असा सरळ हिशेब तिच्या मनात होता, आणि त्यात तिला कुठेही वळण दिसलं नव्हतं. तिने बुंदी आणली. सुशिलाबाईंना दिली. मोनालीने शाळेतून आल्यावर फ्रीजच्या दारावर खडूने मोठ्ठं लिहिलं, मुक्त, आणि दोघींनी बराच वेळ ते पुसलं नाही. त्या दिवशी फ्रीज गुरगुरला, खेमराजची काच वाजली, आणि नीला तिकडे बघून म्हणाली, वाज आता. आठ-दहा महिने ती त्या आनंदावर जगली. दिवाळीनंतर पटल्यांना बयाना दिला तो त्याच आनंदाच्या जोरावर दिला. आता बँक नाही म्हणू शकत नाही, असं तिला वाटलं होतं. वाटलं नव्हतं, ठाऊकच होतं.

संघदीपला फोन मोनालीनेच लावला, उड्डाणपुलाखाली उभं राहून, आणि मग आईच्या हातात दिला. संघदीप नागपुरात राहायचा, धाकटा. त्याची मोटरसायकल हप्त्याची, टीव्ही हप्त्याचा, बायकोची शिलाई मशीन हप्त्याची. बाप शेवटपर्यंत त्याच्या घरी पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे, आणि पाणीसुद्धा मडक्यातलं आहे ना विचारून प्यायचा. नीलाने कधी त्याला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याच्या घरी गेली की तिची नजरही घरमालकासारखी सगळ्या वस्तूंवरून फिरायची, हे त्याला कळत असणार. तिने बँकेतलं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, मी त्या मशीनमध्ये भरपूर दिसतो. इतका दिसतो की आता आत जागाच उरली नाही. मागच्या महिन्यात प्लॉटसाठी गेलो होतो, मलेही वापस पाठवलं." नीला म्हणाली, "बरं." तो म्हणाला, "बाबा असते तर काय म्हटले असते गं? तुझ्यावर खूश झाले असते." "हो." "आणि माझ्यावर?" मग दोघेही एकाच वेळी थोडंसं हसले, हसण्यासारखं काही नसताना, लहानपणी वंदनेत उभे असताना यायचं तसं. "तू कर्ज घे म्हटलं असतं मी," संघदीप म्हणाला, "पण तुझ्या हातून व्हायचं नाही. तुले उधारी झोंबते. मले ते अंगाला लागलं आहे, बनियनसारखं." फोन ठेवल्यावर मोनालीने विचारलं, मामा काय म्हणाले? नीला म्हणाली, "बनियन घालत जा म्हणाले."

मुर्रीला जायला त्यांनी ऑटो केला. शेतं कापून झाली होती, धसकटांवर बगळे उभे होते, आणि कुठेतरी मळणीच्या मशीनची घरघर लांबून येऊन अंगात बसत होती. पडद्यावर दिसत नाही अशा बाईला ऑटोत किती जागा लागते, नीलाच्या मनात आलं. पण शेजारचा माणूस सरकला नाही, तिचा गुडघा दांडीला घासत राहिला, म्हणजे जागा लागतच होती. सुखराम पटले ओट्यावर बसून दोरी वळत होते. सत्तरीचे, कानात लोकरीचा बोळा. त्यांच्या पोराने रायपूरला दुकान टाकायचं काढलं होतं आणि म्हातारा-म्हातारीला तो तिकडेच घेऊन जाणार होता. घर विकायचं कारण तेवढंच. "या बाई, या. पोरीले पण आणली. शामकला, चाय मांड वो." नीलाने चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. बँकेने नाही म्हटलं, एक वर्ष थांबा म्हटलं. पटले दोरी वळत राहिले. "मी तं थांबलोच होतो ना बाई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी एका ठेकेदाराले नाही म्हटलं. पोरगा रोज फोन करून राहिला, बाबा काय झालं, बाबा काय झालं. आता वर्सभर मी त्याले काय सांगू?" नीला म्हणाली, "तुम्ही विका. माझ्यासाठी थांबू नका." हे तिला इतक्या सहज म्हणता आलं याचं तिलाच नवल वाटलं. आत कुठेतरी ती भिंत होती, ते खिळे होते. ती तिकडे बघत नव्हती.

चहा घेऊन आलेली शामकला दारातच उभी राहिली. "आन् बयाना?" तीच म्हणाली, नवऱ्याला. पटल्यांनी दोरी खाली ठेवली. म्हणाले, रीत म्हणाल तर बयाना बुडतो, पण मी तसा माणूस नाही. मात्र खरं सांगतो, पैसे रायपूरला गेले, दुकानाच्या पगडीत. घराचे पैसे आले की पहिले तुमचे. "लिवून घ्या पाहिजे तं," ते म्हणाले, आणि खिशातून कागद काढू लागले. आजपर्यंत कोणी तिचं देणं लागत नव्हतं. बापाने सगळी काळजी एकाच बाजूची घेतली होती. दुसऱ्या बाजूबद्दल तो काही बोलला नव्हता. कोणाच्या वहीत नाव नाही, ठीक. पण आपल्या वहीत कोणाचं? तिने पटल्यांकडे बघितलं. म्हाताऱ्याची नजर खाली गेली होती, कानातला बोळा सुटून खांद्यावर लोंबत होता, आणि तो एकदम तिच्या बापासारखा दिसत होता, ओट्यावर उभा राहिलेला, सूप रिकामं केल्यानंतरचा. "लिवाचं काही काम नाही," ती म्हणाली. "व्हय," शामकला म्हणाली, आणि तिनेच जास्त सुस्कारा सोडला. मोनालीने आईच्या दंडाला चिमटा काढला. येताना ऑटोत ती म्हणाली, "आई, लिहून का घेतलं नाही? साहेब काय म्हणाले ऐकलं ना, दिसायला लागतं." नीला म्हणाली, "ऐकलं." मग गोंदिया दिसायला लागल्यावर म्हणाली, "सगळंच दिसलं पाहिजे असं नाही." मोनालीला ते पटलं नाही आणि तिने तसं सांगितलंही. नीलाला बरं वाटलं. स्वतःला न पटलेलं पोरगी तोंडावर सांगते, एवढं तरी घरात कोरं नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यात त्या दोघी, साहेबाने सांगितलेल्या वर्षभराच्या हप्त्यांसाठी, पुन्हा रोशनच्या टेबलापुढे बसल्या. थंडीत काय घ्यायचं यावर मोनालीने बरीच व्याख्यानं दिली होती. शेवटी कूलर ठरला, कारण पौष महिन्यात कूलर कोणी विचारत नाही आणि दुकानदार भाव सोडतो. रोशन हसू दाबत म्हणाला, "मावशी, ठंड में कूलर?" मोनाली म्हणाली, "आम्हाले गरमी लय होते." तो घरी आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि फ्रीजच्या बाजूला उभा राहिला, थंडीत आलेल्या पाहुण्यासारखा, ज्याला काय विचारावं ते सुचत नाही. पहिल्या हप्त्याच्या दिवशी नेमका नीलाचा पगार झाला होता. ती टेबलापुढे उभी राहिली, पर्समध्ये हात घातला, आणि तिच्या हाताने आपोआप सगळी गड्डी धरली. ती हाताकडे बघत राहिली. तो हात तिचा एकटीचा नव्हता. त्यात कालव्याची माती होती, ओट्यावर ठेवलेले पैसे होते, सर्रर्र ऐकायची घाई होती. मागच्या माणसाने खोकून आपण असल्याचं सांगितलं. "मावशी, पूरा बंद करू काय?" रोशनने विचारलं, अर्धं थट्टेने. "नाही," नीला म्हणाली. तिने एकेक करून नोटा सोडल्या, आकडा भरला तिथे थांबली, आणि बाकीचं पर्समध्ये परत घालून चेन लावली. घरी जाताना तिचे पाय जड होते, जसं ती काहीतरी चोरून नेत होती. पुढच्या महिन्यात जरा कमी जड होते. त्यापुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीजवळ पोचेपर्यंत तिला त्याची आठवणही झाली नव्हती, आणि झाली तेव्हा तिला वाईट वाटलं, जसं एखादं माणूस गेल्यावर पहिल्यांदा हसू आलं की वाटतं.

मुर्रीचं घर त्या ठेकेदाराने घेतलं. पटल्यांनी अर्धे पैसे पाठवले, उरलेले रायपूरहून पाठवतो म्हणाले. नीलाने मान हलवली. कधीकधी, भात उतू जाऊ नये म्हणून पातेल्याजवळ उभी असताना, तिला उगाच वाटायचं की पटल्यांना तिकडे झोप लागत नसेल, आणि तिला ते नको होतं.

बुद्धपौर्णिमेला उन्हाने पत्रा वाजत होता. गोंदियात वैशाखात वारासुद्धा भट्टीवरून आल्यासारखा येतो. कूलर चालू होता, चार महिन्यांनी एकदाचा कामाला आलेला, आणि त्याच्या वाऱ्याने फ्रीजवरच्या तसबिरींना घातलेले हार हलत होते. खेमराजची काच मात्र वाजत नव्हती, मोनालीने तिच्याखाली घडी घातलेला रुमाल ठेवला होता. दोघी पांढऱ्या साडी-कुडत्यात मेणबत्ती लावून उभ्या राहिल्या. मेणबत्ती कूलरकडे पाठ करून लावावी लागली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग नेहमीची ती छोटी शांतता आली, ज्यात बाप घसा साफ करायचा. मोनालीने श्वास घेतला, सवयीने, सुरुवात करायला. नीला गप्प होती. मोनालीने एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. कूलर घुमत राहिला. "आई?"

"या वर्षी नाही म्हणायची," नीला म्हणाली.

मोनालीने दुसरा डोळाही उघडला. "आणि पुढच्या?"

नीलाने वाकून मेणबत्तीची वात बोटांनी सरळ केली. "हप्ते संपले की," ती म्हणाली. मग तिला पुढे कधीतरी घ्यायच्या घराचं आठवलं, त्या हप्त्यांची वर्षं आठवली, आणि आपलं वय, म्हणून ती म्हणाली, "नाहीतर तू म्हण. तुझं नाव अजून कोरं आहे."